सॅन स्टॉर्म, वाकोला आणि 25 वर्षांचं रबर

हेडफोन नीट लावून घ्या, कारण आज गाडीवर बोलायचंय, आणि गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार. लगेच फेरारी-लॅम्बोर्गिनी डोळ्यांसमोर आणू नका. त्या वाकोल्यात आमच्या गल्लीत वळायच्याच नाहीत, आणि वळल्या तरी पहिल्या स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसतील. मी बोलतोय सॅन स्टॉर्मबद्दल.

तुमच्यापैकी निम्म्यांनी हे नावही ऐकलं नसेल. बंगळूरचा सॅन समूह, मूळ ओळख शंटिंगची रेल्वे इंजिनं बनवणारा. त्यांनी 1998 मध्ये दोन सीटची, उघड्या छपराची एक छोटी गाडी बाजारात आणली. बनायची आपल्या शेजारच्या गोव्यात. डिझाइन फ्रान्सकडून आलेलं, बॉडी फायबरग्लासची, आणि आत रेनोचं 1149 सीसीचं पेट्रोल इंजिन, जे तिकडे युरोपात क्लिओ नावाच्या साध्या फॅमिली गाडीत असायचं. ताकद साधारण 60 अश्वशक्ती. हसू नका. आजची कुठलीही हॅचबॅक सिग्नलवर तिला मागे टाकेल हे मलाही माहितीय. पण छप्पर उघडं, बूड रस्त्याच्या जवळ आणि वजन कमी, त्यामुळे पन्नासच्या वेगातही माणसाला शंभरचा आनंद मिळतो. फार थोड्या गाड्या विकल्या गेल्या, आणि म्हणून आज तिच्यासाठी सर्व्हिस सेंटर, हेल्पलाइन वगैरे काही नाही.

आमच्याकडची गाडी मामांची आहे. नोंदणी 2001 ची. देखभाल गेली सहा वर्षं मी करतो, सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, रविवारी सकाळी. सेक्रेटरींची अट एकच: ऑइलचा एक थेंब फरशीवर पडता कामा नये. म्हणून खाली कायम जुन्या फ्लेक्सचं कापड. निवडणुकीनंतर फ्लेक्सला काही तोटा नसतो, उमेदवार पालथा घालायचा आणि कामाला लागायचं.

आता मुद्द्याचं. लोक मला विचारतात, गाडी वर्षाला हजारेक किलोमीटरच चालते, मग तिला करायचं काय असतं? माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. कमी चालणारी गाडी किलोमीटरने म्हातारी होत नाही, वर्षांनी होते. मीटरकडे बघून सर्व्हिस करणारा माणूस अशा गाडीत फसतो. इंजिन धडधाकट असतं, पण होज पाइप कडक होतात, सील सुकतात, ब्रेकचं तेल पाणी पितं, वायरच्या टोकांवर हिरवा चुरा जमतो. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत तर जरा जास्तच. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक गोष्टीपुढे किलोमीटर नाही, तारीख लिहिलेली आहे. टायरचंही तसंच. टायरच्या कडेला चार आकडे असतात, समजा 2319. म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी नवी कोरी दिसत असली तरी रबराचं वय त्या आकड्यांत आहे. घरी जाऊन बाबांच्या गाडीचे बघा, बऱ्याच जणांना धक्का बसेल.

सगळ्यात आधी ब्रेक. ब्रेकचं तेल, म्हणजे डॉट 4 वगैरे, हवेतला ओलावा शोषून घेतं. हा त्याचा गुणधर्मच आहे. नवीन डॉट 4 तेल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच ओलावा प्यायलेलं असेल तर ही हमी 155 वर येते. घाट उतरताना ब्रेक तापले, तेलातलं पाणी उकळलं, पाइपात वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. खंडाळ्याच्या उतारावर हे कळून उपयोग नाही. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं, गाडी फिरली असो वा नसो.

काम दोघांचं आहे. एक चाकाशी, एक पेडलवर. आमच्याकडे पेडलवर मामी असतात. त्यांना ही गाडी विकायचीये, तो पार्किंगचा चौकोन मोकळा हवाय, हे त्या दर वेळी बजावतात आणि तरीही पेडलवर बसतात. चाकामागे ब्लीडर निपल असतो, त्यावर पारदर्शक नळी लावायची, दुसरं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवायचं. मी म्हणतो, "मामी, दाबा आणि धरून ठेवा." त्यांनी धरलं की मी निपल पाव आटा सैल करतो, काळपट तेल आणि बुडबुडे येतात, पेडल खाली जातं. मी निपल घट्ट करतो आणि मग म्हणतो, "सोडा." हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी सोडलं आणि मग घट्ट केलं, तर हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. मध्ये मध्ये वरची टाकी भरत राहायची, ती रिकामी झाली की खेळ खल्लास. नळीतून मधाच्या रंगाचं स्वच्छ तेल यायला लागलं की पुढचं चाक. आणि हे तेल रंग खातं. बॉडीवर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली पक्के स्टँड लावा, गाडी हलवून बघा, मगच आत सरका. पेव्हर ब्लॉकवर स्टँडखाली जाड फळी ठेवा, ब्लॉक खचतात.

आता माझा आवडता विषय, फायबरग्लास. त्याला गंज लागत नाही, हे सगळे कौतुकाने सांगतात. पण त्यातून वीज जात नाही, हे कोणी सांगत नाही. नेहमीच्या पत्र्याच्या गाडीत बॉडीच बॅटरीची निगेटिव्ह वायर असते. दिवा पत्र्याला टेकला की अर्थिंग झालं. इथे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला अर्थची वेगळी वायर ओढावी लागते आणि ती खालच्या पोलादी सांगाड्याला कुठेतरी बोल्टने जोडलेली असते. तो बोल्ट गंजला की गंमत सुरू. आमच्या गाडीत ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचा. दोन इलेक्ट्रिशियननी सगळं वायरिंग नवीन टाकायला सांगितलं, खर्च ऐकून मामी खूश झाल्या, म्हणाल्या आता तरी विकू या. मी चारशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. दिवा चालू ठेवायचा, मीटरची एक तार दिव्याच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा शून्याच्या जवळ हवा, 0.2 व्होल्टच्या वर गेला तर संशय घ्या. माझा आला 1.8. म्हणजे करंटला परत जायला धड वाटच नव्हती, तो शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून वाट काढत होता. मागच्या चाकाजवळ चिखलाखाली एक बोल्ट सापडला. काढला, पॉलिश पेपरने घासला, नवीन वॉशर, वर थोडं ग्रीस. वीस मिनिटांत काम झालं. मामी दोन दिवस बोलल्या नाहीत.

बॉडीला तडा गेला तर तेही घरी होतं. आपल्याकडे कोळी बांधवांच्या होड्यांपासून देखाव्याच्या मूर्तींपर्यंत फायबरचं काम सगळीकडे चालतं, त्यामुळे रेझिन, हार्डनर आणि मॅट मिळायला अडचण नाही. तडा वरून लांबी भरून झाकला तर तो सहा महिन्यांत परत डोकं वर काढतो. मागच्या बाजूने घासून, मॅटचे दोन-तीन थर रेझिनमध्ये भिजवून चिकटवायचे, मग वरून फिनिशिंग. पावसाळ्यात हे करू नका, दमट हवेत ते नीट धरत नाही. मास्क हवाच, आणि डोळ्यांना गॉगल. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, यात मस्करी नाही.

सुट्या भागांचं काय? कंपनीकडून काही मिळत नाही. पण वाकोल्याला राहण्याचा एक फायदा आहे: कलिन्यातून पुढे गेलं की सीएसटी रोड, आणि तो थेट कुर्ल्याच्या गाड्यांच्या बाजारात नेऊन सोडतो. कुर्ला म्हणजे प्रीमियरच्या कारखान्याचं गाव, आपल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी तिथल्या. त्या बाजारात 'सॅन स्टॉर्मचं बेअरिंग द्या' असं म्हटलं तर दुकानदार तुमच्याकडे दयेने बघेल. जुना भाग हातात घेऊन जायचा आणि गाडीचं नाव घ्यायचंच नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. 6203 म्हणजे आतला व्यास 17 मिलिमीटर, बाहेरचा 40, जाडी 12. तो नंबर जगात कुठेही तोच, मग बेअरिंग गाडीतलं असो की मोटरमधलं. ऑइल सीलवरही मापं छापलेली असतात. होज पाइप व्यास आणि वळण बघून जुळतो. इंजिनाचे खास रेनोचे भाग मात्र इंजिनाचा कोड देऊन बाहेरून मागवावे लागतात.

टायमिंग बेल्ट मी स्वतः करत नाही. हत्यारं आहेत, वेळ आहे, पण खुणा एका दात्याने चुकल्या तर इंजिन धड चालणार नाही, आणि सीएसटी रोडजवळच्या एका उस्तादांचे हात तीस वर्षं हेच काम करतायत. मी शेजारी उभा राहून बघतो, चहा सांगतो. 'मारुतीचं इंजिन बसवून टाक, कटकट संपेल' असा सल्ला देणारे रोज भेटतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ रचनेबाहेर फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. त्यामुळे तो विषय बंद.

कूलंटबद्दल एकच सांगतो. जुनं कूलंट गटारात किंवा कोपऱ्यात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात.

आणि पाणी. वाकोला नाला माहितीय ना? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तो नाला पुढे ज्या मिठीला मिळतो तीच तुंबलेली. आमच्या कंपाउंडमध्ये गाडीच्या सीटपर्यंत पाणी होतं. मी तेव्हा दुसरीत होतो. पाणी ओसरल्यावर शेजारीपाजारी एकेक गाडी सुरू करून बघत होते, मामांनी चावीला हात लावला नाही. पाणी दाबलं जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सिलेंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांनी आधी बॅटरीची वायर काढली, मग स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं, सगळी तेलं बदलली, कार्पेट गच्चीवर वाळत घातलं. तेच इंजिन आजही चालतंय. तुमची गाडी कधी बुडली तर फक्त एवढं करा: चावी लावू नका.

सध्याची परिस्थिती अशी. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. आमची 2016 ला झाली, 2021 ला झाली, आता पुन्हा आली. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपेक्षा जुन्या कारला त्यासाठी 10,000 रुपये फी आहे, वर ग्रीन टॅक्स वेगळा. मामा आणि मामींचं ठरलंय: अंधेरीच्या आरटीओत तपासणीत पास झाली तर पाच वर्षं गाडीचं नाव काढायचं नाही, नापास झाली तर विकायची. मामांचं वय आता 71 आहे, पुन्हा अशी गाडी त्यांच्या दारात येणार नाही. पुढच्या गुरुवारी तारीख आहे. ब्रेक झाले, पीयूसी झालं, हॉर्नचं अर्थिंग काल केलं. राहिलीय ती मागच्या डाव्या दिव्याची लाल काच. तिला तडा आहे आणि ती काही मापावर मिळणारी गोष्ट नाही. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कोणी म्हापसा, फोंडा, मडगाव भागात असेल आणि कुठल्या गॅरेजमागे ताडपत्रीखाली एखादी सॅन स्टॉर्म पडलेली दिसली असेल, तर प्लीज कळवा. डावी काच. बुधवारपर्यंत.