माळेतले जिवाणू

प्रयोगशाळेत ग्रॅमच्या रंगाने जांभळे दिसणारे गोल जिवाणू भेटतात ते मुख्यतः दोन घराण्यांतले. झुबक्याने राहणारे स्टॅफिलोकॉकस आणि एकाच दिशेने विभागून माळ करणारे स्ट्रेप्टोकॉकस. शंका आलीच तर काचपट्टीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. बुडबुडे आले तर पहिले, नाही आले तर दुसरे. आज बोलायचं ते या माळेवाल्यांबद्दल.

त्यांची वर्गवारी आधी रक्तावरून झाली. रक्त मिसळलेल्या अगारच्या बशीत काहींच्या भोवती हिरवट छटा येते, ते अल्फा. काहींच्या भोवती रक्तपेशी पुरत्या फुटून स्वच्छ कडं पडतं, ते बीटा. रक्ताला हातच न लावणारे गॅमा. बशी दिसते सुरेख, पण माणसाच्या घशातला जिवाणू कोणता आणि गाईच्या कासेतला कोणता, हे ते कडं सांगत नाही.

हा गुंता न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रिबेका लान्सफील्ड यांनी सोडवला. जिवाणूच्या भित्तिकेतली शर्करा त्यांनी गरम आम्लाने काढली आणि ती सशांच्या कोणत्या रक्तद्रवात साका धरते ते पाहिलं. १९३३ साली गट मांडले: ए बहुतांशी माणसांचा, बी गाईंचा, सी इतर जनावरांचा. चिकाटीचं काम, आणि माझ्या मते वैद्यकातलं फार मोठं. अर्थात जिवाणू कागद वाचत नाहीत. गाईंचा म्हटलेला बी गट पुढे नवजात बाळांच्या मेंदूज्वरात सापडला.

ए गटाकडे मात्र आपण नीट पाहायला हवं. त्याच्या पृष्ठभागावर एम नावाचं प्रथिन असतं आणि त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवत नाही, म्हणून मुलांचा घसा पुन्हापुन्हा येतो. उपचार न झालेल्या काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. पेनिसिलिन या जिवाणूवर आजही चालतं, पण दुखणं थांबलं म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत.

गटांची अक्षरं सगळ्यांना पुरली नाहीत. डी गटातले आतड्यातले काही जिवाणू १९८४ साली एन्टेरोकॉकस म्हणून वेगळे निघाले. पाठोपाठ एन गटातले, दही लावणारे, लॅक्टोकॉकस झाले. आणि न्यूमोनियाचा स्ट्रेप्टोकॉकस, ज्याने इतकी माणसं नेली, त्याला लान्सफील्ड यांचं अक्षर मिळालेलंच नाही. तो ओळखायला प्रयोगशाळेत आजही ऑप्टोचिनची चकती ठेवतात.