खांदा बसला, म्हणजे बरा झाला नव्हे



आज मी माझ्या उजव्या खांद्याची गोष्ट सांगणार आहे. तो एकदा निखळला, दवाखान्यात बसवला आणि नवव्या दिवशी पुन्हा निखळला. पहिल्यांदा पाय घसरला होता. दुसऱ्यांदा मात्र चूक माझीच होती, म्हणून तर बोलायला आले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी धुणं आटोपून उठताना शेवाळावरून माझा पाय सरकला. सावरायला हात मागे टेकवला आणि खांद्यात कट्‌कन झालं. खांद्याची गोलाई जाऊन तिथे खळगा पडला, पुढच्या बाजूला गोळा वर आला. हात जरासुद्धा हलवता येईना.

शेजारणी धावत आल्या. एक म्हणाली, "हात सरळ धरून झटका द्या, बसेल." दुसरी हाड बसवणाऱ्या बाबांना बोलवायला निघाली. माझ्या सासूबाईंनी दोघींना थांबवलं. त्यांच्या भावाचा हात असाच ओढला होता आणि आत हाडही मोडलंय हे नंतर कळलं होतं. त्यांनी माझा हात होता तसाच ठेवला. जुन्या लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधला, हात आणि अंग यांच्यामध्ये छोटी उशी घातली, फडक्यात गुंडाळून बर्फ लावला. आमच्या यांनी 108 नंबरला फोन केला. सासूबाईंचं चुकलं ते एवढंच, की त्यांनी मला वाटेत चहा पाजला. खांदा बसवताना गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं, म्हणून पोट रिकामं असलेलं बरं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

डॉक्टरांनी हातही न लावता खांदा बसवला असं नाही, पण घाईही केली नाही. आधी मनगटाची नाडी पाहिली, बोटं हलवायला लावली, दंडाच्या बाहेरच्या बाजूला हात फिरवून "कळतंय का?" असं विचारलं. खांदा निखळताना तिथून जाणारी नस ताणली जाऊ शकते. मग एक्स-रे काढला, दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं आणि हळूहळू खांदा जागेवर आणला. नंतर पुन्हा एक्स-रे काढला. ओढून बसवणाऱ्याला आत काय मोडलंय, कुठली नस दबलीय हे दिसत नाही. भीती आहे ती याचीच.

आता माझी चूक ऐका. खांदा बसला की जीवघेणी कळ एकदम उतरते आणि आपल्याला वाटतं, झालं, बरं झालं. आठवड्यात माझं दुखणं पुष्कळ कमी झालं. घरात गौरी यायच्या होत्या. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "हात बसलाय ना आता?" मला ओशाळल्यासारखं झालं. मी गळ्यातली पट्टी सोडली आणि वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढायला हात उचलला. डबा खाली, मीही खाली. गौरी घरात आणि मी परत दवाखान्यात.

या वेळी डॉक्टरांनी समजावून सांगितलं. खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेलं लिंबू. म्हणून तर आपला हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच तो सटकतोही. लिंबू बशीवर टिकतं ते बशीची मऊ कड, भोवतीचं आवरण आणि स्नायू यांच्या जोरावर. खांदा निखळतो तेव्हा हेच ताणलं जातं, फाटतं. हाड काही मिनिटांत जागेवर येतं, पण हे भरून यायला आठवडे लागतात.

साधारण दोन-तीन आठवडे हात गळ्यात ठेवायचा. नेमके किती दिवस, ते आपल्या डॉक्टरांनी ठरवायचं. त्या दिवसांतही बोटं, मनगट आणि कोपर हलवत राहायचं. झोपताना दंडाखाली उशी घ्यायची. पुढून बटणांचा ब्लाउज बरा. घालताना दुखरा हात आधी घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा.

पट्टी सुटल्यावर व्यायाम सुरू होतो. पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हळूहळू झुलवायचा. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे करायचे. सहा आठवडे तरी हात बाजूने वर उचलून मागे न्यायचा नाही. म्हणजे अंबाडा घालणं, उंच दोरीवर कपडे टाकणं, फळीवरचे डबे काढणं बंद. हंडा आणि भरलेली बादली तर नाहीच. जड कामाला तीन महिने लागले, तर घाबरू नका.

मात्र भीतीपोटी महिनोन्‌महिने हात बांधूनही ठेवू नका. चाळिशीनंतर खांदा लवकर आखडतो. पडल्यावर या वयात स्नायूची दोरी तुटलेली असू शकते. खांदा बसूनही हात वर जात नसेल, तर ते डॉक्टरांना सांगा. तरुण वयात धोका उलटा असतो, खांदा पुन्हा पुन्हा निखळतो. कबड्डी खेळणाऱ्या मुलीचा खांदा निखळला, तर व्यायाम पुरा होईपर्यंत तिला मैदानात उतरवू नका. वरचेवर निखळत असेल तर ऑपरेशनबद्दल विचारा. आणि बोटं गार पडली, निळी झाली किंवा बधिर वाटली, तर क्षणभरही थांबू नका.

दुसऱ्या वेळी आमच्या घरात कामं वाटली गेली. पाणी यांनी भरलं. कणीक मुलाने मळली, पहिले चार दिवस पोळ्यांचे नकाशे झाले. माझी वेणी मुलगी घालायची. सासूबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "सूनबाईला अजून सहा आठवडे काम नाही." त्यांनी ते मोठ्याने सांगितलं, म्हणून मला कुणापुढे ओशाळावं लागलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणाचा हात गळ्यात असेल, तर "बसला ना आता?" असं विचारू नका. "फळीवरून काय काढून देऊ?" असं विचारा.