आतल्या बाजूची खुर्ची



नाशिकच्या रिक्षावाल्याला दादासाहेब गायकवाड सभागृह सांगितलं की तो मीटर टाकतो. शांताबाई दाणी म्हटलं तर तरुण मंडळी मोबाइल काढतात. म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलणार आहे. भाषण लांबलं तर त्याचा दोष माझा, त्यांचा नाही.

शांताबाई इथल्याच खडकाळीच्या. दलित घर, गरिबी. २ मार्च १९३० ला दलितांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या. वर्षानुवर्षं धरणं धरूनही जे दार उघडलं नाही, त्या दाराच्या गावात ही मुलगी शिकली, शिक्षिकाही झाली. पुढे दलित नेते दादासाहेब गायकवाडांबरोबर डॉ. आंबेडकरांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कामात पडली ती कायमची. १९४६ मध्ये फेडरेशनने पुण्यात विधिमंडळाच्या अधिवेशनावर सत्याग्रह केला, त्यात त्या होत्या. म्हणजे इथेही दाराबाहेरच. १९६८ मध्ये मात्र त्या विधान परिषदेत जाऊन बसल्या. सहा वर्षं बसल्या.

योगायोग बघा. त्याच १९६८ साली अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून शर्ली चिझम निवडून आल्या. तिथल्या काँग्रेसमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यासुद्धा मूळच्या बालशिक्षिका. त्यांना समिती मिळाली शेतीची! ब्रुकलिनमध्ये कसली आली शेती? त्या भांडल्या, समिती बदलून घेतली. पण शेतीचं जास्तीचं धान्य गरिबाच्या ताटात कसं पडेल, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

शांताबाईंना शेती परकी नव्हती. गायरान, पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही, हे दुखणं घेऊन दादासाहेबांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला. शांताबाई त्या चळवळीतल्या. सभागृहातल्या खुर्चीवर त्या अशा वाटेने पोचल्या होत्या. मला मोठं वाटतं ते मात्र वेगळंच. रमाबाई आंबेडकरांच्या नावाने त्यांनी नाशिकमध्ये मुलींसाठी शाळा काढली, वसतिगृह चालवलं. वसतिगृह चालवणं म्हणजे काय, हे ज्याने चालवलंय त्यालाच विचारावं. पीठ संपतं, नळाला पाणी येत नाही, एखादीला रात्री ताप चढतो. आमदारकीची मुदत सहा वर्षांची, ही कामं रोजची. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'रात्रंदिन आम्हा'. तुकोबांच्या ओळीतले पुढचे शब्द तुम्हाला पाठ आहेत.

आता माझं सांगतो. मी तीसेक वर्षं सरकारी नोकरी केली. एका जून महिन्यात खिडकीशी एक मुलगी उभी होती, सोबत आई. हॉस्टेलचा अर्ज. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला. मी अर्ज बाहेर सरकवला आणि म्हणालो, "नवीन आणा, मग या." नियम बरोबर होता. आईने कागदाची चौघडी केली, पदराच्या गाठीत बांधली आणि विचारलं, "साहेब, तहसील किती वाजता बंद होतं?" तेव्हा पावणेपाच झाले होते. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. हमीपत्र घेऊन अर्ज ठेवून घेता आला असता, आणि ते मला माहीत होतं. त्या दोघी पुन्हा आल्या नाहीत.

शांताबाईंचं पुस्तक मी त्यानंतर वाचलं, आधी वाचायला हवं होतं.

स्नातकांनो, तुमच्यातले कितीतरी जण येत्या वर्ष-दोन वर्षांत अशा एखाद्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसतील. बँकेत, तलाठी कार्यालयात, दवाखान्यात, शाळेत. बाहेर कोणीतरी पदराची गाठ सोडत असेल. दाखल्याची तारीख जरूर बघा, पण त्याआधी त्या बाईला बसायला सांगा.

माझं झालं. कुलसचिव मघापासून घड्याळ बघतायत. चला, पहिलं नाव पुकारा.