ज्याचे काम, त्याचे अवजार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी उभे राहण्याचा मान कार्यकारिणीने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. माझ्या आधी या व्यासपीठावरून संतसाहित्यावर आणि नाट्यसंगीतावर अधिकारवाणीने बोलले गेले. माझा तसा कोणताच अधिकार नाही. आयुष्यभर हिशेबखात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मंडळाच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे आली, एवढीच माझी पात्रता. संगणकाची आज्ञावली कशी लिहितात, हे मी कधी शिकलो नाही. तरीही आज बोलणार आहे ते संगणकाविषयीच. कारण ही विद्या न शिकलेल्या माणसालाही आपले अवजार आपण घडवता येते, हा अनुभव मला याच वाचनालयात आला.

प्रारंभ एका साध्या प्रश्नाने झाला. आपल्या वाचनालयात पुस्तकांची तीन कपाटे आहेत. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हाती नवे मराठी पुस्तक चटकन पडत नाही. तीच पुस्तके पुन्हापुन्हा हातोहात फिरतात. दर रविवारी येणाऱ्या एक काकू पुस्तक चाळून मला विचारीत, “अहो, हे मी वाचलंय का?” त्या काळी आपण विकत घेतलेली एक संगणकप्रणाली वापरीत होतो. कोणते पुस्तक आज कोणाकडे आहे, हे ती सांगे. पण पुस्तक परत आले की जुनी नोंद पुसली जाई. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. विक्रेत्याला विचारले, तेव्हा अशा सोयीसाठी निराळे पैसे पडतील, असे कळले. पुढे त्याने तो व्यवसायच बंद केला. आपला संगणक बदलला आणि प्रणाली चालेनाशी झाली; आम्हीच भरलेल्या नोंदी आम्हाला वाचता येईनात. अखेर जुन्या जाड रजिस्टरावरून सारे पुन्हा उतरवून काढावे लागले.

नोंदी आपल्या होत्या, अवजार दुसऱ्याचे होते. काकूंना काय विचारावेसे वाटेल, हे ती प्रणाली रचणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते ठाऊक होते मला. परंतु ती बदलण्याची सोय माझ्या हाती नव्हती. ज्याला गरज कळते त्याला अवजार बदलता येत नाही आणि ज्याला बदलता येते त्याला गरज कळत नाही, अशी ही कोंडी आहे.

ती फोडण्याचा एक मार्ग मला सुट्टीत आलेल्या भाच्याने दाखविला. त्याचे नाव ‘टिडलीविकी’. ‘विकी’ हा शब्द आपणांस विकिपीडियामुळे परिचित आहे. पण तो त्याहून जुना. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने मार्च १९९५ मध्ये असे एक संकेतस्थळ उघडले, की ज्याचे कोणतेही पान वाचणाऱ्यालाच तिथल्या तिथे दुरुस्त करता यावे. होनोलुलूच्या विमानतळावरील बसच्या नावातून त्याने ‘विकी’ हा हवाई बेटांवरील शब्द उचलला. त्याचा अर्थ ‘झटपट’. हीच कल्पना एकेकट्या माणसाच्या वहीला लावून जेरेमी रस्टन या इंग्रज गृहस्थाने २००४ मध्ये टिडलीविकी सिद्ध केली, आणि नव्याने रचलेली तिची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये लोकांपुढे आली. ती विनामूल्य आहे आणि मुक्त परवान्याखाली कोणालाही वापरता, बदलता व वाटता येते.

तिची रचना मी माझ्या भाषेत सांगतो. ही सारी वही म्हणजे एकच फाईल. नेहमीच्या ब्राउझरमध्ये ती उघडते. इंटरनेट नसले तरी चालते. आत लहान लहान चिठ्ठ्या असतात. त्यांना ‘टिडलर’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चिमुकला मासा. प्रत्येक चिठ्ठीला एक मथळा, मजकूर, हव्या तितक्या खुणा आणि हवे तितके रकाने. मी प्रत्येक पुस्तकाची एक चिठ्ठी केली आणि तिला ‘वाचक’ नावाचा रकाना दिला. पुस्तक ज्याने नेले, त्याचा सभासद-क्रमांक त्यात भरायचा आणि पुस्तक परत आले तरी पुसायचा नाही. मग प्रत्येक सभासदाच्या चिठ्ठीत एक ओळ लिहिली. तिचा अर्थ असा, की ‘ज्या पुस्तकांच्या वाचक या रकान्यात हा क्रमांक आहे, ती सारी वर्णानुक्रमाने दाखव.’ ही ओळ जमायला मला चार संध्याकाळी लागल्या. एक कंस मिटायचा राहिला होता. पाचव्या दिवशी काकूंच्या नावावर बोट ठेवताच त्यांनी वाचलेल्या पुस्तकांची यादी समोर उभी राहिली. हिशेबखात्यातील तीस वर्षांत कोणताही ताळेबंद जुळल्यावर मला इतका आनंद झाला नव्हता.

खुणांचा उपयोगही असाच. कपाटात पुस्तक एकाच खणात बसते. पण त्याचे पैलू अनेक असतात. आपल्या देशात रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरणपद्धती मांडली, तीही हे पैलू ओळखूनच. आपल्या वहीत एकाच पुस्तकाला ‘प्रवासवर्णन’, ‘मोठा टाईप’ आणि ‘मुलांना आवडेल’ अशा तिन्ही खुणा लावता येतात. यांतील ‘मोठा टाईप’ ही खूण कोणत्याही विकतच्या प्रणालीत मला आढळली नाही; आणि आपल्या ज्येष्ठ वाचकांना तर सर्वांत आधी तीच लागते.

परंतु मला खरे नवल वाटले ते पुढेच. या वहीतील बटणे, बाजूची यादी, पानाची मांडणी हेही सारे चिठ्ठ्यांचेच बनलेले आहे. पुस्तकाची चिठ्ठी जशी उघडून दुरुस्त करावी, तशीच बटणाचीही करता येते. आपल्या आजीच्या गोधडीला जे लुगडे लागे तेच ठिगळालाही चाले. तसे इथे सामान आणि अवजार एकाच कापडाचे आहे. म्हणून नोंदी करणारा माणूस नकळत अवजार घडवू लागतो. त्याने चूक केली तरी भय नाही. मूळ रचनेची चिठ्ठी बदलताना बिघडली, तर आपण केलेली तेवढी पुसावी. खालची मूळ चिठ्ठी शाबूत असते, ती पुन्हा वर येते. शिवाय दुसऱ्या कोणी आपल्या वहीत एखादी चांगली सोय केली असेल, तर तिची चिठ्ठी उचलून आपल्या वहीत टाकता येते. विरजण मागून आणावे, तितकेच हे सोपे.

ही आकांक्षा काही आजची नव्हे. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी ‘व्हिसिकॅल्क’ हा हिशेबाचा तक्ता आणला आणि आज्ञावली न शिकलेले हिशेबनीस आपली सूत्रे आपण मांडू लागले. १९८७ मध्ये ॲपल कंपनीच्या बिल ॲटकिन्सन यांनी ‘हायपरकार्ड’ दिले. पडद्यावर पत्त्यांसारखी कार्डे मांडावीत, त्यांवर बटणे ठेवावीत, आणि एका कार्डावरून दुसऱ्यावर जावे. शिक्षकांनी त्यात धडे रचले. कनिंगहॅम यांनी विकीआधी याच हायपरकार्डवर प्रयोग केले होते. तरीही २००४ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबविली, आणि ज्यांनी आपली कामे त्यावर उभारली होती, ते पेचात पडले. अवजार कितीही सोयीचे असो, त्याची मालकी एकट्याच्याच हाती राहिली तर तोच धोका उरतो, जो आपण आपल्या वाचनालयात अनुभवला. टिडलीविकी त्याच वर्षी यावी, हा योगायोग मला बोलका वाटतो. तिची फाईल ज्याच्यापाशी, त्याच्यापाशी नोंदी आणि अवजार दोन्ही.

याच्या मर्यादा लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ब्राउझर सहसा मूळ फाईलवर परस्पर लिहीत नाही. जतन करताना नवी प्रत उतरते आणि ती जुनीच्या जागी ठेवण्याची शिस्त लागते. मी ती एकदा विसरलो आणि एका रविवारच्या नोंदी गमावल्या. दोघांनी दोन प्रतींवर एकाच वेळी काम केले, तर शेवटी जपलेली प्रत आधीच्या प्रतीवर बसते. मोठ्या कचेरीचे काम यावर चालवू नये. दुसरे असे, की यंत्राला विवेक नसतो. ‘चिं. वि. जोशी’ आणि ‘चि. वि. जोशी’ हे त्याच्या लेखी दोन लेखक. नाव कसे लिहायचे, कोणती खूण लावायची, काय जपायचे आणि काय पुसायचे, हे माणसानेच ठरवावे लागते. सभासद काय वाचतो ही त्याची खाजगी बाब. म्हणून ज्यांनी नको म्हटले, त्यांची वाचनाची यादी आम्ही ठेवीत नाही. हा निर्णयही आमचा आम्हाला घेता आला, कारण अवजार आमचे होते.

आता काकूंचे पुढले वर्तमान सांगून आपली रजा घेतो. गेल्या वर्षापासून त्यांची दृष्टी अधू झाली आहे. त्यांचा नातू त्यांना पुस्तक वाचून दाखवतो. त्याचे शिक्षण इंग्रजीत, मराठी अक्षरे तो अडखळत वाचतो. काकू मला म्हणाल्या, “आता लहान लहान प्रकरणांचं काही द्या, पोर दमतं हो.” घरी येऊन मी ‘वाचून दाखवण्याजोगे’ अशी एक नवी खूण निर्माण केली. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, पैसे लागले नाहीत; दोन मिनिटे लागली. आज या खुणेखाली जी पुस्तके आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिक त्या नातवाने स्वतः सुचविलेली आहेत. वाचनालयात येऊन तो स्वतःच्या हाताने खूण लावून जातो. लावण्यापूर्वी पुस्तक वाचावे लागते, हे सांगणे नलगे.

मंडळाच्या शतकमहोत्सवाला मी असणार नाही. ही किल्ली कोणाच्या तरी हाती द्यावी लागेल. त्याच्या गरजा माझ्याहून निराळ्या असतील, आणि त्या आज मला सांगता येणार नाहीत. म्हणून किल्लीबरोबर मी ती एक फाईल एका पेनड्राइव्हवर देणार आहे. त्याने ती जशीच्या तशी जपावी, असा माझा आग्रह नाही. त्याच्या कामाला योग्य अशी त्याने ती बदलून घ्यावी, एवढीच विनंती आहे.