लेबल बदलले की शिक्षा उतरते

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील औषधविक्रेते, वैद्य आणि विधिज्ञ यांच्या या अधिवेशनापुढील प्रश्न कायदा नसल्याचा नसून, असलेला कायदा मूळ गुन्हेगारापर्यंत का पोहोचत नाही, हा आहे. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाने दोषी औषधांचे प्रकार वेगळे केले आहेत: ज्याचे लेबल खोटे वा दिशाभूल करणारे ते मिथ्याछाप, ज्यात अपायकारक द्रव्य मिसळले ते भेसळयुक्त, आणि जे दुसऱ्याच औषधाच्या वा उत्पादकाच्या नावाने विकले जाते ते बनावट.

खानदेशात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग धुळ्यापाशी एकमेकांना छेदतात आणि सातपुड्यापलीकडे लगेच मध्य प्रदेश लागतो. त्यामुळे आठवडे बाजारातली पुडी कोठे तयार झाली, याचा माग काढताना निरीक्षकाला राज्याची हद्द आडवी येते. कापूस वेचून किंवा केळीचे घड वाहून ज्याचे सांधे धरले आहेत, त्याला दोन दिवसांत आराम देणाऱ्या ‘आयुर्वेदिक’ पुडीत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि वेदना झपाट्याने दाबणारे द्रव्य, असू शकते. देशातील अनेक तपासण्यांत ते आढळलेही आहे. देखरेखीविना ते घेत राहिल्यास रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतते.

कायद्यातील खरी विसंगती येथेच आहे. ॲलोपॅथिक औषध भेसळयुक्त वा बनावट असून त्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असेल, तर कलम २७ खाली किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. आयुर्वेदिक म्हणून विकलेले औषध भेसळयुक्त ठरले, तर कलम ३३-आय खाली कमाल एक वर्ष. स्टेरॉइड सापडल्यावर त्या पुडीला आयुर्वेदिक मानायचेच कशाला, हा युक्तिवाद सरकारी वकिलांनी आग्रहाने मांडायला हवा.

खटले ढासळतात ते बहुधा कागदावर. दुकानातून घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करावे लागतात, आणि शासकीय विश्लेषकाचा अहवाल मिळाल्यापासून २८ दिवसांत आरोपीला त्यास आव्हान देण्याचा मनोदय कळवता येतो. विलंबामुळे औषधाची मुदत संपत आली आणि फेरतपासणीचा हक्क निरर्थक ठरला, तर खटला टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मेडिकामेन बायोटेक प्रकरणात २००८ साली स्पष्ट केले. चूक कारखान्याची असली, तरी दिरंगाई मात्र सरकारची असते.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी रसायनाने दूषित झालेले ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले, तेव्हा न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादारापाशी न थांबता रुग्णालयाची खरेदी आणि खुद्द अन्न व औषध प्रशासनाचा कारभार यांवर बोट ठेवले. तरीही २०२५ साली, शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या बालकांचे बळी घेणाऱ्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये तेच रसायन ४८.६ टक्के निघाले.

परवानाधारकाकडून रीतसर घेतलेले, नीट साठवलेले आणि दोष ठाऊक नसलेले औषध विकणाऱ्या दुकानदाराला कलम १९ संरक्षण देते. पण त्यासाठी बिल हाताशी असावे लागते. म्हणून बिलाविना माल घेऊ नये, आणि बाजारात संशयास्पद पुडी दिसल्यास ती वेष्टनासह औषध निरीक्षकाच्या स्वाधीन करावी, अशी खानदेशातील प्रत्येक औषधविक्रेत्यास या अध्यक्षपदावरून विनंती आहे.