चूक दाखविणाऱ्याची परीक्षा

जुन्या मराठी पुस्तकांच्या अखेरीस शुद्धिपत्राचे एक पान असे. पृष्ठ अमुक, ओळ अमुक, अशुद्ध हे, शुद्ध हे. वाचक त्या पानाकडे सहसा वळत नाही. अनुस्वार गळला, वेलांटी चुकली, तरी संदर्भाने अर्थ लावून तो पुढे जातो. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांपूर्वी छापलेली पुस्तके आणि नंतरची पुस्तके ग्रंथालयाच्या एकाच कपाटात शेजारी शेजारी नांदतात व दोन्ही सुखाने वाचली जातात. परंतु ज्या शुद्धिपत्रात ओळीचा क्रमांकच चुकला असेल, ते वाचकाला नुसते भटकविते. असे शुद्धिपत्र लिहिणारे एक यंत्र आहे. त्या यंत्राची परीक्षा कशी घ्यावी, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय.

संगणकाला द्यावयाच्या सूचना एखाद्या कृत्रिम भाषेत, आज्ञावलीच्या रूपाने लिहिल्या जातात. ती आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणारी व्यवस्था म्हणजे कंपायलर; आणि वाक्याची घडण व्याकरणाच्या नियमांत बसते की नाही हे पाहणारा त्यातील भाग म्हणजे पार्सर. संगणकाजवळ वाचकाचे सौजन्य नसते. एक कंस राहिला की वाक्य मोडले. मोडलेले वाक्य नाकारणे हे पार्सरचे अर्धे काम झाले. ते कोठे मोडले आणि तेथे काय हवे होते हे लिहिणाऱ्याला नेमके सांगणे हे उरलेले अर्धे, आणि अधिक अवघड.

अवघड अशासाठी, की चूक जेथे घडते तेथेच ती उघडकीस येते असे नाही. चौथ्या ओळीत उघडलेला कंस मिटवायचा राहिला, तर पार्सर पाचवी ओळही त्या कंसाच्या पोटातलीच समजून वाचू लागतो व तेथे अडखळतो. दोष जातो बिचाऱ्या पाचव्या ओळीवर. पायथन या लोकप्रिय भाषेत कित्येक वर्षे हेच घडत होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून मात्र ती उघडलेल्या कंसावरच बोट ठेवून, तो मिटविला गेला नाही, असे स्पष्ट सांगते. दुसरी अडचण अशी, की एका चुकीने गोंधळलेल्या पार्सरला पुढच्या शुद्ध वाक्यांतही चुका दिसू लागतात. त्यावरचा जुना उपाय म्हणजे पुढचा अर्धविराम येईपर्यंतचा मजकूर सोडून द्यायचा आणि तेथून नव्याने वाचायला आरंभ करायचा.

पहिल्या चुकीपाशीच थांबणे पार्सरला सर्वांत सोपे. त्या सोपेपणाची किंमत कार्डांच्या काळातील पिढीने पुरेपूर मोजली. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हा संगणक आला. त्या काळी आज्ञावली छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवून तो गठ्ठा संगणककेंद्रात सोपवावा लागे आणि निकाल छापील कागदावर हाती पडेपर्यंत थांबावे लागे. यंत्राने एका खेपेस एकच चूक सांगितली, तर दहा चुकांसाठी दहा खेपा! कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९६५ साली खास विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला ‘वॉटफॉर’ आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झालेला ‘पीएल/सी’ हे कंपायलर या गरजेतूनच आले. पीएल/सी तर चुका स्वतः दुरुस्त करून आज्ञावली पुढे चालवून पाही. दुरुस्ती नेहमीच लेखकाच्या मनातली असे, असे नाही. पण खेप वाया जात नसे.

आता परीक्षेकडे वळावे. शुद्ध आज्ञावली बिनबोभाट चालते की नाही, हे सगळेच तपासतात. चूक दाखविण्याची कसोटी लावायची, तर मुद्दाम अशुद्ध लिहावे लागते, आणि तेही विचारपूर्वक. ही रीत भारतीय व्याकरणपरंपरेला नवी नाही. जयादित्य व वामन यांच्या सातव्या शतकातील काशिकावृत्तीत पाणिनीच्या सूत्रातील एकेक पद उचलून, ते कशासाठी घातले, असा प्रश्न केलेला असतो आणि उत्तरादाखल प्रत्युदाहरण दिलेले असते. सवर्णदीर्घ संधीच्या सूत्रात ‘सवर्ण’ ही अट का? तर ‘दध्यत्र’ या रूपासाठी. दधि आणि अत्र यांतील इ व अ हे सवर्ण नव्हेत, तेव्हा तेथे दीर्घ होता कामा नये. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याच्या पद्धतीला पाणिनी आणि बॅकस या दोघांचे नाव द्यावे, असे सुचविले होते. ते साम्य फार ताणू नये. पाणिनीचे नियम शब्द घडवितात, पार्सर घडलेले उलगडतो. प्रत्युदाहरणाची शिस्त मात्र जशीच्या तशी उपयोगी पडते. नमुना असा हवा, की त्यात एकच अट मोडलेली असेल आणि बाकी सर्व शुद्ध असेल. दोन चुका असलेल्या नमुन्यात यंत्राने कोणती पकडली, हे कळतच नाही.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या नेतृत्वाखाली ज्याच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले, त्या ‘जीसीसी’ या मुक्त कंपायलरमध्ये ही शिस्त पाहावयास मिळते. मुद्दाम चुकविलेल्या ओळीच्या शेजारीच टिपणात लिहिलेले असते, की येथे अमुक आशयाची तक्रार अपेक्षित आहे. तक्रार आली नाही, दुसऱ्या ओळीवर आली, किंवा तिच्यासोबत आणखी एखादी अनाहूत तक्रार आली, तर परीक्षा नापास. ‘रस्ट’ भाषेचे कर्ते याहून पुढे जातात. यंत्राचा संपूर्ण संदेश शब्दशः जपून ठेवून ते प्रत्येक नव्या आवृत्तीचा संदेश त्याच्याशी ताडून पाहतात. त्यातली गोम अशी, की संदेशातील एक शब्द सुधारला तरी ढीगभर नमुने एकदम नापास होतात आणि नवे संदेश एका आज्ञेने मान्य करून टाकण्याची सोयही असते. न वाचता शिक्कामोर्तब झाले, की परीक्षा उरते नावापुरती. मुद्रिते तपासणाऱ्यांना हा मोह ओळखीचा असेल.

याशिवाय पार्सरपुढे अगदी रिकामी फाईल ठेवून पाहावी, अर्ध्यावर तोडलेली ठेवावी, शुद्ध आज्ञावलीतील एकेक चिन्ह पाळीपाळीने गाळून पाहावे. त्याने तक्रार खुशाल करावी, पण स्वतः कोसळू नये वा अनंत फेऱ्यांत अडकू नये.

इंग्रजी लिपीपुरत्या नमुन्यांत सहसा न सापडणारा एक दोष इंदूरच्या श्रोत्यांना विशेष जवळचा वाटावा. आजचे कंपायलर चुकीच्या ओळीखाली, नेमक्या अक्षराखाली खूण करतात. ‘इंदूर’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबाने तो पाच चिन्हांचा आहे: इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार, र. आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने साठविला, तर प्रत्येक चिन्हास तीन याप्रमाणे पंधरा बाइटांचा. पार्सरने बाइट मोजून खूण केली, तर ती चुकीपासून बारा घरे उजवीकडे, कोऱ्या जागेत उमटते. चिन्हे मोजली तरी दोन घरे सरकते. इंग्रजी अक्षरास मात्र बाइट एक, चिन्ह एक आणि घरही एकच, म्हणून तेथे तिन्ही हिशेब जुळतात आणि दोष झाकलेला राहतो.

भंवरकुआँच्या एखाद्या खोलीत रात्री अकरा वाजता पहिली आज्ञावली लिहिणाऱ्या मुलीने अवतरणचिन्हांत आपल्या गावाचे नाव घातलेले असते आणि नंतरचा स्वल्पविराम राहिलेला असतो. खूण दिसते तेथे काहीच नसते. संदेश इंग्रजीत, भाषा नवी, शेजारी विचारायला कोणी नाही. यंत्र चुकले असेल, हे तिच्या मनातही येत नाही. आपलेच काही तरी चुकले, असे समजून ती शुद्ध असलेल्या ओळी खोडू लागते. हे टाळण्यासाठी पार्सरच्या परीक्षेत एक नमुना पुरतो: ‘इंदूर’ लिहिलेली, त्यापुढचा स्वल्पविराम गाळलेली एक ओळ, आणि खूण नेमकी कोणत्या घरात उमटावी त्याचे टिपण.