मेंदूज्वर पुन्हा झाला तर

मेनिंगोकोकस जिवाणूचा मेंदूज्वर एकाच मुलाला दुसऱ्यांदा झाला, तर 'पोर मुळातच नाजूक' म्हणून विषय सोडू नका. त्याच्या रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं तपासायला हवीत.

ही तीसहून अधिक प्रथिनं. बरीचशी यकृतात तयार होतात. एक दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. शेवटी सी-५ ते सी-९ मिळून जिवाणूच्या आवरणाला भोक पाडतात. यातलं एखादं जन्मतः नसलं की मेनिंगोकोकसचं फावतं. दोष बहुधा आई-वडील दोघांकडून येतो. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात म्हणूनच शक्यता जास्त, आणि तिथे भावंडांचंही रक्त तपासावं.

चाचणीचं नाव सीएच-५०. खरी अडचण नमुन्याची! चोपड्यासारख्या गावच्या उन्हात तो तसाच पाठवला तर प्रथिनं निकामी होतात आणि नसलेला दोष दिसतो. रक्तजल (सीरम) लगेच वेगळं करून, गोठवूनच पाठवावं लागतं. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या आयसीएमआरच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा जन्मजात प्रतिकारदोषांवर काम चालतं.

हजयात्रेकरूंना देतात ती मेनिंगोकोकसची लस या मुलांना हवीच; सरकारी नेहमीच्या लसीकरणात ती नाही, डॉक्टरांना विचारून घ्यावी लागते. तरीही ताप, ताठ मान आणि काचेचा पेला दाबूनही न मिटणारे जांभळे ठिपके दिसले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.